वाफ आणि धूर

गेल्या दिवाळीत आमचे चिरंजीव पुण्याहून कुरकुंभला आले ते एक जडशीळ खोके काखोटीला मारून. सूनबाईच्या हातात फराळाचे डबे होते, नातवाच्या हातात फटाके होते. तेव्हा या खोक्यात काय असावे, याचा मला काही केल्या तर्क होईना. पाडव्याच्या सकाळी ओवाळणी आटोपल्यावर खोके उघडण्यात आले. आतून एक चकाकते यंत्र निघाले. त्याला एक दांडा होता, एक तोटी होती आणि घड्याळासारखी एक तबकडीही होती. आतल्या खोलीतून वायर ओढून यंत्र ओट्यावर मांडले गेले.

“बाबा, आज तुम्हांला खरी कॉफी पाजतो,” चिरंजीव म्हणाले.

गेली साठ वर्षे मी खोटी कॉफी पीत आलो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. परंतु सणासुदीच्या दिवशी मुलाशी वाद घालू नये, या हिशेबाने मी खुर्ची पुढे सरकवली आणि प्रवचन ऐकायला बसलो. अठरा ग्रॅम पूड, तीही अगदी बारीक दळलेली. पाणी उकळीच्या किंचित अलीकडचे. दाब हवेच्या नऊ पट. वेळ पंचवीस ते तीस सेकंद. एवढा खटाटोप करून शेवटी दोन इवल्याशा पेल्यांत काळसर, दाट काढा उतरला. वर सोनेरी सायीसारखा फेस होता. लहान मुलाला खोकल्याचे औषध द्यावे तेवढीच ती मात्रा. पण वास मात्र असा सुटला की, शेजारच्या ओट्यावरचे म्हातारबुवा मान वळवून पाहू लागले.

मी पेला उचलणार तोच चिरंजीवांनी खिशातून एक लांबट नळकांडे काढले. नळकांड्यातून सिगार निघाली.

“आणि ही हिच्या जोडीला. जोडी जमवायची असते, बाबा. हलक्या कॉफीला हलकी सिगार, कडक कॉफीला कडक. एकीनं दुसरीला गिळता कामा नये. आधी घोट घ्यायचा, मग झुरका. कॉफीचा कडवटपणा जिभेवर असला, की धुराची गोडी कळते.”

म्हणजे पत्रिका जुळवण्याचाच प्रकार की! मी हसलो. पण त्याच वेळी सूनबाई आपला पेला उचलून, नातवाला हाताशी धरून, काही न बोलता आत निघून गेली. चिरंजीवांचे तिकडे लक्ष नव्हते. माझे होते. माझी आई अशी कधी उठून गेली नाही.

आमच्या गावची देवी फिरंगाई. नवरात्रात तिच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात. आणि ज्या जोडीचे कौतुक चिरंजीव मला सांगत होते, तीही खरे पाहता दोन फिरंगी पाहुण्यांचीच. तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. त्याने तिथून नळी आणि तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवली. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली हे आपण पाहतोच आहोत. कॉफी आली अरबस्तानातून. बाबा बुडन नावाच्या फकिराने तिच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. दोन्ही पाहुणे आले वेगवेगळ्या वाटांनी. पण एकदा गाठ पडल्यावर त्यांची मैत्री तुटली नाही. कुरकुंभच्या चौकात, जिथे सोलापूरचा रस्ता आणि दौंड-बारामतीचा रस्ता एकमेकांना छेदतात, तिथल्या टपरीवर एखाद्या पहाटे उभे राहून पाहा. औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी सुटलेली असते, ट्रकवाले उतरलेले असतात. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात विडी. चिरंजीवांनी पुण्याहून आणलेले शास्त्र त्या बिचाऱ्यांना न शिकताच येते.

आमच्या घरात मात्र चहा-विडी नव्हती. आमच्या घरात कॉफी आणि चिरूट होते, आणि तेही अशा काळात की, कॉफी ही आजाऱ्याला जायफळ घालून द्यायची वस्तू समजली जाई. त्याचे कारण रेल्वे.

माझे वडील दौंडला रेल्वेत होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. १९४६ साली इंजिने पुसायला ते लागले, पुढे फायरमन झाले आणि १९८३ साली ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्या काळी दौंडला अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची मोठी वस्ती होती. दादा ज्यांच्या हाताखाली भट्टीत कोळसा मारीत, ते असेच एक वयस्कर साहेब होते. रात्रीच्या गाडीवर ते भट्टीच्या तोंडाशी कॉफीचा डबा ठेवीत. बिनदुधाची, काळीकुट्ट कॉफी. तिचे दोन घोट झाले की चिरूट पेटवीत आणि दादांना म्हणत, “झोप आली, की सिग्नल गेला, सिग्नल गेला, की आपण गेलो.” तेव्हा दादांच्या दृष्टीने कॉफी आणि चिरूट ही चैन नव्हती; तो कामाचाच एक भाग होता. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी साहेब सहकुटुंब विलायतेला गेले. जाताना आपला चिरुटांचा पत्र्याचा डबा ते दादांना देऊन गेले. डबा रिकामा नव्हता. आणि पुढे पस्तीसएक वर्षे दादांनी तो कधी रिकामा पडू दिला नाही.

दौंडसारख्या गावी चिरूट मिळत कसे, असे तुम्ही विचाराल. मुंबईहून दौंडवरून जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला मद्रासच्या लोहमार्गाला जाऊन मिळाला. तेव्हापासून दक्षिणेच्या वस्तू आमच्या दारावरूनच जात-येत. दादांचे स्नेही एक गार्ड होते. ते दर महिन्याला तिकडून कॉफीची पूड आणि त्रिचनापल्लीचे चिरूट मागवून घेत. चिरूट हा शब्दही तमिळच. त्याचा अर्थ गुंडाळी. या त्रिचनापल्लीच्या गुंडाळ्यांची कीर्ती थेट लंडनपर्यंत पोचली होती. १८८७ साली शेरलॉक होम्सची पहिली कथा प्रसिद्ध झाली. तीत तो नुसत्या राखेवरून खुनी माणूस त्रिचनापल्ली ओढतो हे ओळखतो. शाळेत असताना ही गोष्ट वाचून मी दादांची राख भिंगातून पाहिली होती. मला काहीच ओळखता आले नाही. आईने मात्र शर्ट धुताना भोकावरून कितीतरी गोष्टी ओळखल्या असत्या.

दादांचा मूळचा हात विडीचा; त्यामुळे चिरुटाचाही धूर ते खोल छातीत घेत. क्वार्टरच्या दोन खोल्या. ड्यूटीवरून आले की आंघोळ, जेवण आणि मग खिडकीपाशी बैठक. चिरूट पेटल्याचा वास स्वयंपाकघरात पोचला की आई कॉफीचे आधण ठेवी. फडक्यातून गाळलेली कॉफी पुढे ठेवून ती तिथेच तांदूळ निवडीत बसे. कारण दादा एरवी अबोल. त्या अर्ध्या तासातच काय ते बोलत. तेवढ्यासाठी ती त्या धुरात रोज बसली. तिच्या दृष्टीने जोडी कॉफीची आणि चिरुटाची नव्हतीच.

१९८५ साली माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. कार्यालयात जेवणानंतर कॉफीचे यंत्र ठेवले होते. ते यंत्र तुम्ही सर्वांनी पाहिले असेल: पितळेची चमकती टाकी, वाफेची तोटी, आणि सतत चाललेले ते फुस्सकारणे. आपण त्या कॉफीला बिनदिक्कत एस्प्रेसो म्हणतो. खरे म्हणजे झटपट कॉफी, साखर आणि दूध एकत्र करून वाफेने फेसाळायचे आणि वर कोकोची पूड भुरभुरायची, एवढीच ती कृती. मिलानच्या लुईजी बेत्सेरा याने १९०१ साली आपल्या एस्प्रेसो यंत्राचे पेटंट घेतले, त्यात पूड वेगळी असे आणि वाफेच्या दाबाने गरम पाणी तिच्यातून ढकलले जाई. पुढे १९४८ साली गाज्जाच्या यंत्रात वाफेऐवजी दांडा आणि दट्ट्या आला. त्याने दाब वाढला, आणि चिरंजीव ज्याचे एवढे कौतुक करतात तो सोनेरी फेस तेव्हा जन्माला आला.

हे ज्ञान अर्थात माझे, अलीकडचे. दादांना त्यातले काही ठाऊक नव्हते. पण टाकी, वाफ आणि दाबाची तबकडी हे सारे पाहताच मुलीचे वडील पाहुण्यांना सोडून यंत्रापाशी जाऊन उभे राहिले.

“दाब किती ठेवतोस?” त्यांनी यंत्रावरच्या पोराला विचारले.

“काय की, काका. शिट्टी झाली की तोटी उघडतो.”

“आणि पाणी किती आहे आत?”

पोराला तेही ठाऊक नव्हते. मग दादांनी त्याला पाण्याची पातळी, वाफ सोडण्याची झडप आणि टाकी कोरडी पडली तर काय होते, हे सगळे तपशीलवार समजावून दिले. वरपक्षाची मंडळी पान खात ताटकळली होती. शेवटी त्यांनी एक पेला घेतला, कार्यालयाच्या मागे जाऊन चिरूट पेटवला आणि पाचच मिनिटांत परत येऊन आईला म्हणाले, “इंजिन झकास आहे, पण दुधाशी धुराचं जमत नाही. घरी गेलो की आपली कॉफी कर.”

त्यानंतर तीन वर्षांनी, १९८८ साली, आईचा खोकला फारच वाढला. तोपर्यंत दोघे कुरकुंभला या घरात राहायला आले होते. मी पुण्यात नोकरीला होतो. मी आईला तिथल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दादाही बरोबर होते. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो पाहिला आणि विचारले, “घरात चूल आहे?”

“दहा वर्षं झाली, गॅस आहे,” आई म्हणाली.

“विडी-सिगारेट ओढता?”

आईला हसू आले. “मी? अहो, काहीतरीच काय!”

डॉक्टरांनी मग दादांकडे पाहिले. दादांच्या सदऱ्याच्या खिशातून डब्याचे टोक डोकावत होते. डॉक्टर बोलले ते अगदी हळू आवाजात. एक जण ओढतो तेव्हा शेजारचा माणूसही ओढतच असतो, एवढाच त्याचा मथितार्थ. १९८१ साली जपानमध्ये डॉ. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ज्यांचे नवरे फार ओढत, त्या स्त्रियांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. आईला कर्करोग नव्हता. श्वासनळ्या मात्र कायमच्या सुजल्या होत्या.

पुण्याहून दौंडपर्यंत दादा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी डबा बाहेर काढला, चिरूट परसात नेऊन शेणाच्या खड्ड्यात टाकले, डबा घासून धुतला आणि आईपुढे ठेवला. “सुया-दोऱ्यांना होईल,” ते म्हणाले. बेचाळीस वर्षांची सोबत त्यांनी एवढ्या दोन शब्दांत संपवली.

आणि दादांची झोप उडाली.

पहिले पंधरा दिवस आम्ही ते गृहीतच धरले होते. इतक्या वर्षांचे व्यसन, त्रास हा व्हायचाच. पण महिना झाला, दोन झाले, तीन झाले. दादांची छाती धडधडे, हात कापत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते या ओट्यावर बसून सोलापूर रस्त्यावरचे ट्रक मोजीत. आईचा जीव तुटे. माझ्यासाठी यांनी एवढी मोठी गोष्ट सोडली, तर दुसरी तरी पोटभर मिळू दे, असे तिच्या मनाने घेतले. ती दिवसातून तीनदा कॉफी करी. ती आता पाचदा करू लागली. रात्री ते ओट्यावर बसले की उठून पुन्हा एक पेला करून आणी आणि शेजारी बसे.

एका शनिवारी मी पुण्याहून आलो तो येताना एक चिरूट विकत घेऊन आलो. दादांचे खोल गेलेले डोळे मला बघवेनात. आई आत आहे असे पाहून मी तो त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, “दादा, आठवड्यातून एखादा ओढा. पण झोपा.”

त्यांनी चिरूट हुंगला. बराच वेळ हुंगला. मग माझ्या खिशात परत ठेवीत म्हणाले, “सिग्नल लाल आहे, बाळ.”

मी मागे वळलो तर आई दारात कॉफीचा पेला घेऊन उभी होती. ती मला काही बोलली नाही. आजही ती मला त्या दारात उभी दिसते.

पुढच्या वर्षी दादांचे गार्ड स्नेही निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. कॉफीची पूड मिळणे दुरापास्त झाले. आई उरलेली पूड पुरवून-पुरवून वापरू लागली, आणि सकाळची एक वाटी सोडली तर घरातली कॉफी बंदच झाली. त्याच सुमारास दादांना पुन्हा शांत झोप लागू लागली. आईने फिरंगाईला खण-नारळ बोलला होता. तिने तो मोठ्या श्रद्धेने फेडला. खोकला पुढे पुष्कळ कमी झाला. गेला मात्र नाही. आई १९९७ साली गेली, दादा २००४ साली.

खरा उलगडा मला त्यानंतर काही वर्षांनी झाला. एका डॉक्टर स्नेह्याला मी ही हकीकत सहज सांगत होतो. त्याने मध्येच विचारले, “चिरूट सोडल्यावर कॉफी किती घेत होते?” मी सांगितले. त्याने कपाळाला हात लावला. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृताचे एक पाचकद्रव्य जोमाने काम करू लागते, आणि कॉफीतले कॅफिन अंगातून भराभर निघून जाते. एरवी निम्मे कॅफिन उतरायला पाचएक तास लागतात. नेमाने ओढणाऱ्याच्या अंगातून ते जवळजवळ निम्म्या वेळात जाते. म्हणून असा माणूस कॉफी पचवतो फार. ओढणे थांबले की थोड्याच दिवसांत यकृत मूळच्या चालीवर येते. आता तोच पेला दुप्पट वेळ अंगात राहतो. तेव्हा दादांची जी झोप उडाली होती, तिच्यात चिरुटाच्या आठवणीचा वाटा पहिल्या काही आठवड्यांपुरता; पुढे सारे काम कॉफीने केले होते. तीन पेल्यांचे सहा झाले होते. आणि आईने मायेने वाढवलेले वेगळेच!

कॉफी निम्मी करा, एवढे तीन शब्द कोणी सांगायला हवे होते. ते सांगणारे कोणी आमच्या वाटेवर भेटले नाही. आईला कळले नाही, दादांना कळले नाही. आणि मला कळले तेव्हा ते सांगायला दोघांपैकी कोणी उरले नव्हते. कधीकधी वाटते, कळले नाही तेही बरे. त्या जागरणांत मी आतल्या खोलीत पडून ऐकत असे. दादा आईला रात्रीच्या गाड्यांच्या गोष्टी सांगत; धुक्यात न दिसलेले सिग्नल, भट्टीच्या उजेडात पाहिलेले कोल्हे, साहेबांची बोलणी. चिरुटाचा अर्धा तास संपला होता, आणि बोलायला आख्खी रात्र मिळाली होती. पण हे माझे समाधान झाले. कापणारे हात दादांचे होते.

हे सारे मी पाडव्याच्या सकाळी चिरंजीवांना सांगितले. त्यांची कॉफी एव्हाना निवली होती आणि सोनेरी फेस विरून गेला होता. सिगार तशीच न पेटलेली, दोन बोटांत होती.

“बाबा, सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो,” ते जरा वेळाने म्हणाले.

“तोंडाला आणि घशाला तो तरीही चुकत नाही. आणि शेजारी बसलेल्या माणसानं तो कुठं घ्यायचा?” मी विचारले.

ते काही बोलले नाहीत. मी सिगार मागून घेतली आणि हुंगली. वास उत्तम होता. लबाडी कशाला करू? चाळीस वर्षांच्या मुलाला हे कर, ते करू नकोस, असे सांगण्याचा काळ उलटून गेला आहे. शिवाय सार्वजनिक जागी ओढायला २००८ सालापासून मनाई आहे, आणि पाकिटांवर २०१६ सालापासून पंच्याऐंशी टक्के जागा भरून इशारा असतो. कायद्याने आणि चित्रांनी जे सांगून झाले आहे, ते मी नव्याने काय सांगणार? मी सिगार परत दिली आणि एवढेच म्हणालो, “सोडशील तेव्हा कॉफी निम्मी कर. विसरू नकोस.”

त्यांनी सिगार नळकांड्यात घालून टोपण लावले. पुढे तिचे काय झाले, हे मी विचारले नाही. मग ते उठले, यंत्राची जुनी पूड झाडून नवी भरली आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, बाहेर ये. तुझी कॉफी गार झाली असेल, दुसरी करतो.”

सूनबाई बाहेर आली. तिच्या हातात तोच पत्र्याचा डबा होता. नातवाच्या नव्या सदऱ्याचे बटण तुटले होते. ती ओट्याच्या कडेला बसून सुईत दोरा ओवू लागली, आणि यंत्राने जोरात वाफ सोडली.